कपाटाखालचे डोळे

आज अकरावा दिवस. मनी अजून कपाटाखालीच. सुरुवातीला मी वाकून वाकून तिला बोलवायचे. मांजराच्या लेखी टक लावून बघणं म्हणजे दमदाटीच, हे उशिरा कळलं. हल्ली तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसते, मटार सोलते. शेजारी बशीत उकडलेल्या बांगड्याचा तुकडा.

ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं, की आपण डोळे बारीक करून सावकाश मिटले तर मांजरही बहुधा तसंच उत्तर देतं. आईला सांगितलं, तर म्हणाली, "त्याला विद्यापीठ कशाला लागतं?"

आज मी मिटले. तिनेही मिटले! मग बोट पुढे केलं, तिच्या नाकाच्या उंचीवर. हुंगलं तिने, ओलसर, गार. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. पुन्हा कपाटाखाली. बशी मात्र रिकामी.