वारणेच्या दोन्ही काठांवर

पहाटे कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर उतरलो आणि शाहूपुरीच्या गल्ल्यांतून चालत निघालो. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये वसवलेली ही व्यापारी पेठ. कोल्हापुरी गुळाचा व्यापार इथेच वाढला. पेठेच्या नावापाशी मी दरवेळी थबकतो. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव 1884 मध्ये गादीवर दत्तक आला आणि त्याचं नाव ठेवलं गेलं शाहू. पावणेदोनशे वर्षांपूर्वी ताराराणी ज्यांच्याशी लढल्या, त्यांचंच हे नाव!

स्टेशन रोडने कावळा नाका गाठला. चौकात घोड्यावर ताराराणी. औरंगजेबाशी त्यांनी सात वर्षं दिलेली झुंज आपल्याला ठाऊक असते. पुढची यादवी आपण दोन वाक्यांत आटोपतो. 1707 मध्ये ताराराणींचे पुतणे शाहू मोगलांच्या कैदेतून सुटले आणि त्यांनी गादीवर हक्क सांगितला. 12 ऑक्टोबरला खेडला, म्हणजे आजच्या राजगुरुनगरजवळ, मराठे मराठ्यांसमोर उभे राहिले. सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि पारडं फिरलं. शाहू साताऱ्याच्या गादीवर बसले आणि ताराराणींनी पन्हाळ्याला वेगळी गादी मांडली.

सातारा विरुद्ध कोल्हापूर, एवढीच ही गोष्ट सांगितली जाते. मला त्यातलं 1714 साल जास्त छळतं. त्या वर्षी सवत राजसबाईंनी आपला मुलगा संभाजी गादीवर बसवला. ताराराणी आणि त्यांचा मुलगा शिवाजी कैदेत गेले, तेही पन्हाळ्यावरच. शिवाजी 1726 मध्ये कैदेतच वारला. ज्या आईने त्याच्यासाठी राज्य उभं केलं, तिच्या वाट्याला हे आलं. खेडच्या लढाईपेक्षा हा घाव खोल आहे, असं मला वाटतं.

दुपारी पुण्याच्या दिशेने निघालो. किणीचा टोलनाका मागे पडला आणि वारणेचा पूल आला. गाडी बाजूला घेऊन उतरलो. दोन्ही काठांना ऊस, खाली संथ पाणी. शाहू आणि राजसबाईंचा संभाजी यांच्यात झालेल्या 13 एप्रिल 1731 च्या तहाने वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे राहिला. आज हीच नदी कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांची हद्द आहे.

तहाआधीच्या लढाईत ताराराणी शाहूंच्या हाती लागल्या होत्या. उरलेलं आयुष्य त्यांनी साताऱ्यात काढलं, पानिपतही ऐकलं आणि डिसेंबर 1761 मध्ये तिथेच देह ठेवला. कोल्हापूरची गादी उभी करणाऱ्या या राणीची समाधी साताऱ्याजवळ माहुलीला, कृष्णाकाठी आहे. कोल्हापूरकरांनो, त्या वाटेने जाल तेव्हा तिथे थोडं थांबा.