पौष शुद्ध एकादशीची थंडी

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाच्या सोबतीला एक संस्कृत लेख कोरलेला आहे. फारुकी घराण्यातल्या आदिलशाहाने, म्हणजे राजा अली खानाने, मशीद उभारली त्याची ही नोंद. संवत 1646, शके 1511, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध दशमी तेवीस घटिका, त्यानंतर एकादशी. वार सोमवार. कृत्तिका तेहतीस घटिका, पुढे रोहिणी. रात्रीच्या अकरा घटिका सरलेल्या, लग्न कन्या. मुसलमान राजाच्या मशिदीवर पंचांगाची पाचही अंगे अशी निगुतीने कोरणारे हे गाव मला फार आवडते.

अकरा घटिका म्हणजे साधारण साडेचार तास. पौषातला सूर्य लवकर मावळतो, तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेलेले असणार. रोहिणीतला एकादशीचा चंद्र डोक्यावरून पश्चिमेकडे कलू लागलेला. एवढे सगळे त्या दगडावरून आजही मांडता येते. मला मात्र प्रत्येक वेळी वाटते, त्या रात्री हिव किती होते? तापीवरून वारा सुटला होता का? मुहूर्त सांगणारा ज्योतिषी शाल घट्ट ओढून बसला होता का? दगड यावर गप्प आहे, आणि त्याला बोल लावता येत नाही. त्या वर्षी जगात कुठेच अंशांत तापमान सांगणारे यंत्र नव्हते.

बऱ्हाणपूरच्या इतिहासातल्या कितीतरी नोंदी हिवाळ्याच्याच आहेत. अकबराने शेजारचा असीरगड घेतला तो जानेवारी 1601 मध्ये. जून 1631 मध्ये मुमताजमहल इथे वारली. तिचा देह तापीपलीकडे जैनाबादेत ठेवला होता, तो आग्र्याकडे निघाला डिसेंबरात. 1681 च्या जानेवारीअखेरीस मराठ्यांची घोडी शहराबाहेरच्या बहादूरपुऱ्यात घुसली. पाऊस संपलेला, नद्यांना उतार मिळालेला, जनावरांना चारा: फौजा आणि तांडे याच दिवसांत हलत. त्या माणसांनी उघड्यावर रात्री काढल्या, लाकडे जाळली, पहाटे कुडकुडत खोगीर कसले. बखरींत लुटीचा हिशेब आहे, गारठ्याचा नाही.

जामा मशिदीतली ती तिथी युरोपच्या जुन्या गणनेने 5 जानेवारी 1590 येते. आजच्या कॅलेंडरात बसवली की 15 जानेवारी. आणि भारतीय हवामान विभागाचा स्थापनादिन आहे 15 जानेवारी 1875. योगायोगच हा, पण मला तो मनापासून भावतो. ज्या तारखेला बऱ्हाणपुरात एका रात्रीची घटिका-घटिका दगडावर उतरली, त्याच तारखेला, 285 वर्षांनी, देशभरच्या दिवसांची हवा कागदावर उतरवण्याचे काम एका खात्याकडे आले.

त्या कामाची रीत साधी आणि कडक आहे. चार पायांवर उभी पांढरी, झडपांची लाकडी पेटी. आत जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर तापमापक. किमान तापमानाच्या नळीत अल्कोहोल असते आणि त्यात एक बारीक कांडी. पारा उतरावा तसे अल्कोहोल उतरते, कांडीला मागे ओढते आणि चढताना तिला तिथेच सोडून जाते. सकाळी साडेआठला निरीक्षक येतो, कांडी कुठे थांबली ते वाचतो, वहीत लिहितो आणि कांडी पुन्हा जागेवर आणतो. म्हणजे हवामानाचा दिवस साडेआठला उलटतो. पंचांगाचा उलटतो सूर्योदयाला, कॅलेंडरचा मध्यरात्री. शके 1511 मधली ती सोमवारची रात्र आजच्या निरीक्षकाने मोजली असती, तर तिचा गारठा मंगळवारच्या, 16 तारखेच्या रकान्यात गेला असता.

अशाच रकान्यांतून एकेका दिवसाचे विक्रम उभे राहतात. पुण्यात 17 जानेवारी 1935 रोजी पारा 1.7 अंशांवर आला. नागपुरात 7 जानेवारी 1937 चा 3.9 हा आकडा ऐंशीहून अधिक वर्षे टिकला आणि 29 डिसेंबर 2018 च्या पहाटे 3.5 ने तो मोडला. जग तापते आहे, तरी अशी एखादी पहाट अजून येते. वर्तमानपत्रे नीचांक छापतात. माझे मन मात्र त्यामागच्या बिनमहत्त्वाच्या सकाळींकडे जाते. 11.2, 12.0, 10.8 असे आकडे कुणीतरी वर्षानुवर्षे, कुणी विचारणार नाही हे ठाऊक असताना, खाडाखोड न करता लिहिले. ते नसते तर 3.5 हा नुसता आकडा राहिला असता, विक्रम झाला नसता.

बऱ्हाणपूरकडे कडाका येतो तो उत्तरेकडून. पश्चिमी विक्षोभ हिमालयावर बर्फ टाकून पुढे सरकला की मागे कोरडा वारा आणि निरभ्र आकाश राहते. ढगांचे पांघरूण नाही, हवेत ओल नाही, म्हणून जमिनीची ऊब रातोरात आकाशात निघून जाते. गार हवा जड असते. ती सातपुड्याच्या उतारांवरून खाली येऊन तापीकाठच्या सखल शिवारात साचते. पेटीतला तापमापक पाच अंश दाखवत असतो तेव्हा गवताच्या पात्याशी त्याहून कमी असते.

आणि त्या शिवारात केळी उभी असते. गहू थंडीने फुटवे धरतो, हरभरा खूश होतो, भरताची वांगी याच दिवसांत चवीला येतात. केळीला मात्र हे सोसत नाही. पारा दहा-बाराच्या खाली गेला की नवे पान उलगडायला रेंगाळते, घड पोंग्यातच अडकतो, बाहेर आलेल्या फळाची साल काळवंडते. मग शेतकरी रात्री विहिरीचे पाणी सोडतो, कारण ते हवेपेक्षा कोमट असते. पहाटे बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतो, शेवरीची कुंपणे राखतो, घडांना पिशव्या घालतो. थंडीची त्याची नोंद म्हणजे घड अडकलेली वर्षे.

मध्य प्रदेशाच्या सीमेपलीकडे, महाराष्ट्रातल्या रावेर-यावलच्या बाजूला, हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीसाठी कमी तापमानाची अट आहे: नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सलग तीन दिवस किमान तापमान आठ अंश किंवा त्याखाली राहिले पाहिजे. बऱ्हाणपूरचे केळी उत्पादकही अशा विम्याची मागणी करत आले आहेत. विमा असला म्हणजे सुटले असे नाही. दोन पहाटांना 7.5 आणि तिसरीला 8.2 आले, की साखळी तुटली. तो 8.2 कुठे मोजला, गावाच्या उंचवट्यावर, शाळेच्या तापलेल्या भिंतीजवळ की नदीकाठच्या बागेत, यावर घरातले वर्षाचे पैसे ठरतात. म्हणून तापीच्या सखल पट्ट्यात, केळीच्या बागांपाशीच आणखी मापनकेंद्रे हवीत. ती रोज वाचली जावीत, दुरुस्त राहावीत आणि त्यांचे आकडे त्याच सकाळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिले जावेत.