सुटीचे शेवटचे दिवस

सुटीचे पहिले दिवस सर्वांनाच सारखे गोड लागतात. खेळ, भटकंती, आंबे आणि नदीतले डुंबणे यांत दिवस कधी मावळतो, हे कळतही नाही. परंतु ज्या गावी आपण सुटी घालवतो, त्याची खरी ओळख व्हावयाची असेल, तर ती शेवटच्या आठ-दहा दिवसांतच होते, असे मला वाटते. तोवर गाव आपल्या कौतुकात गुंतलेले असते. पुढे मात्र त्याला स्वतःच्या कामाकडे वळावेच लागते.

माझे आजोळ रायगड जिल्ह्यात, पोलादपूरच्या आसमंतात, डोंगराच्या उतारावर वसलेले आहे. समोर महाबळेश्वरापर्यंत चढत गेलेली सह्याद्रीची भिंत आणि खाली सावित्री नदी. मे महिन्यात ही नदी दगडगोट्यांमधून वाट काढीत कशीबशी वाहत असते. पुढे महाडच्या बाजूला तिचे डोह आहेत. त्यांच्या काठांवर मगरी ऊन खात पडलेल्या दिसतात. आमच्या गावाजवळ मात्र गुडघाभर पाण्यातून आम्ही मुले सहज पैलतीरी जात असू. सावित्री म्हणजे एक शांत, मायाळू नदी, अशीच आमची समजूत होती.

मेच्या अखेरीस रोहिणी नक्षत्र लागले, की घराचा नूर पालटू लागे. मामा छपरावर चढून घर शाकारण्यास आरंभ करीत. फुटकी कौले खाली येत आणि आम्ही मुले रांग करून नवी कौले वर पोचवीत असू. पडवीच्या उघड्या बाजूंना झावळ्यांचे आडोसे बांधले जात. आजी अंगणात आंबापोळी, फणसपोळी, पापड आणि आमसुले वाळवीत बसे. वाळवण राखण्याचे काम आमच्याकडे असले, तरी कावळ्यांपेक्षा आमचीच धास्ती तिला अधिक वाटे. जळाऊ लाकडे व शेणी गोठ्याच्या माळ्यावर रचून ठेवल्या जात. ज्या वाफ्यांत भाताची रोपे वाढवायची, तेथे शेण, फांद्या आणि पालापाचोळा पसरून राब आधीच भाजलेला असे. त्या काळ्या तुकड्यांत मृगाच्या पावसाआधीच, धुळीत, भात पेरून टाकीत.

याच दिवसांत एकदा महाडच्या बाजाराला जाणे होई. मीठ, सुकी मासळी, बियाणे, ताडपत्री अशी चार महिन्यांची बेगमी घ्यावयाची असे. बाजार आटोपल्यावर आम्ही चवदार तळ्याच्या काठी विसावत असू. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच तळ्याचे पाणी प्राशन करून, पाण्यावर सर्व माणसांचा सारखाच हक्क आहे, हे जगाला दाखवून दिले. ती हकीकत मामांनी आम्हांला प्रथम तेथेच सांगितली.

त्या दिवसांत पाण्याचे मोल आम्हांला आजोळीही कळे. आसपासच्या डोंगरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पण उतार तीव्र असल्यामुळे त्यातला बहुतेक सारा समुद्राला जाऊन मिळतो. म्हणून मेअखेरीस विहिरी तळ गाठतात आणि अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. आमची मामी पहाटे अंधारात उठून झऱ्यावर जाई. वाटीवाटीने हंडा भरेपर्यंत पूर्वेला उजाडत असे. घरात आम्ही सात-आठ पाहुणे असलो, तरी कोणाच्याही आंघोळीला पाणी कमी पडल्याचे मला आठवत नाही. मामीला दोन खेपा अधिक कराव्या लागत, याची वाच्यता मात्र तिने कधी केली नाही.

एकदा सामानाची बांधाबांध चालू असताना माझ्या धाकट्या भावाने विचारले, "मामा, आमची सुटी संपली. तुमची सुटी कधी असते?"

मामा हसले. म्हणाले, "अरे, ओढ्याला पाणी येऊन रस्ता बंद झाला, की आमची सुटी. पण त्या सुटीत झोप नसते बरं का!"

त्या वेळी आम्हांला ही थट्टाच वाटली. तिचा अर्थ मला पुढे अनेक वर्षांनी कळला.

सावित्री महाबळेश्वरी, तेराशे मीटरांहून अधिक उंचीवर उगम पावते आणि थोड्याच अंतरात कोकणच्या सखल भूमीवर उतरते. घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस झाला, की ते सारे पाणी काही तासांत पोलादपूर ओलांडून महाडला येऊन थडकते. तेथे गांधारी आणि काळ या नद्यांचे पाणी त्यात भर घालते. त्याच वेळी बाणकोटच्या खाडीतून भरती वर चढत असेल, तर पुराला पुढे सरकण्यास वाव उरत नाही, आणि मग ते पाणी शहरात शिरते. डोंगरउताराची गोष्ट निराळी. तेथे खडकावर मातीचा जाड थर असतो. दिवसेंदिवस पाणी मुरून तो जड होतो, त्याची खडकावरील पकड सुटते आणि अवघा उतार खाली येतो. म्हणून जमिनीला भेग पडली आहे काय, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले आहे काय, हे पाहत उतारावरची माणसे पावसाळ्यातील रात्री जागून काढतात.

जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील जुई, दासगाव इत्यादी गावांवर दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिश अमदानीतील दगडी पूल सावित्रीच्या पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस.टी. गाड्या व इतर वाहनेही गेली. त्या जागी नवा पूल २०१७ च्या जूनमध्ये उभा राहिला. जुलै २०२१ मध्ये महाड शहरातील घरांचे तळमजले पाण्याखाली गेले. २२ जुलै रोजी तळिये गावच्या एका वाडीवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जी नदी आम्ही मे महिन्यात गुडघाभर पाण्यातून ओलांडीत होतो, तीच ही नदी!

सुटीसाठी नावाजलेल्या सर्वच ठिकाणांची थोडीबहुत अशीच कथा असावी. लक्षद्वीपच्या निळ्या पाण्याची आणि पांढऱ्या वाळूची शोभा पाहावयास लोक बहुधा हिवाळ्यात जातात. पुढे पावसाळ्यात समुद्र खवळतो, लहान होड्यांची ये-जा थंडावते, आणि तो काळ बेटावरच्या माणसांनी एकमेकांच्या आधारावर काढावयाचा असतो. पाहुण्याच्या वाट्याला येते ते वर्षाचे एक सोयीचे पान. उरलेले पुस्तक तेथे राहणाऱ्यांनाच वाचावे लागते. आमच्या आजोळाला समुद्र नाही. पण पावसाळ्यात ओढे भरले, की तेही बेटच होते.

म्हणून सुटीचे शेवटचे दिवस मला आता उदास वाटत नाहीत. आपल्यावर माया करणारी माणसे कोणत्या संकटासाठी कंबर कसत आहेत, हे त्याच दिवसांत पाहावयास मिळते, आणि चार कौले वर पोचवून त्यांच्या श्रमांत वाटेकरीही होता येते. आता जुलैचा पाऊस कोसळू लागला, की महाबळेश्वरी किती पाऊस झाला, ते मी आधी पाहतो. आकडा मोठा असला, तर मामांना दूरध्वनी करतो. विचारण्यासारखे फार नसते. "मामा, झऱ्याचे पाणी स्वच्छ आहे ना?" एवढे विचारले, की पुरते.