ओझर्ड्याचे पाणी

सांगली-मिरजेकडील वडीलधाऱ्या मंडळींस धबधबा म्हटला की तो गोकाकचा, एवढेच ठाऊक असे. घटप्रभेस पाणी चढल्याची वार्ता आली म्हणजे मिरजेहून आगगाडीत बसावे, १७० फूट खाली कोसळणारा तो मातकट प्रवाह पाहावा, झुलत्या पुलावरून जीव मुठीत धरून जाऊन यावे आणि करदंटाचे पुडे घेऊन रात्री घरी परतावे, असा त्या सहलीचा शिरस्ता होता. आम्हां माधवनगरकरांस तर गोकाकचे आणखी एक अगत्य. तेथे १८८७ च्या सुमारास धबधब्याच्या जोरावर चालणारी सूतगिरणी सुरू झाली. आणि माधवनगर हीसुद्धा बुधगावकर पटवर्धनांच्या मुलखात वसलेली, सूत आणि माग यांवर वाढलेली पेठ. तेव्हा आमची जुनी माणसे तो प्रवाह पाहताना त्यातील शोभा किती पाहत आणि अश्वशक्ती किती मोजीत, हे सांगणे कठीण आहे.

अलीकडे मात्र आम्हांस कोणी विचारले की, घरातील लहानथोरांसह एका दिवसात पाहून येता येईल असा रानातला धबधबा कोणता, तर आम्ही सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याकडे बोट दाखवितो. कोयनानगरपासून सुमारे दहा किलोमीटरवर नवजा नावाचे लहानसे गाव आहे. त्याच्या अंगाला, कोयना अभयारण्याच्या झाडीत, ओझर्डे धबधबा आहे. वाईजवळचे ओझर्डे गाव निराळे. त्या नावावर भुलून कोणी वाईची वाट धरू नये. सज्जनगडापलीकडील ठोसेघरही सुलभ आहे, नाही असे नाही. परंतु तेथे दरीच्या अलीकडील सज्जात उभे राहून पलीकडचे पाणी पाहावयाचे असते. ओझर्ड्यास रानातून चालत जावे लागते आणि चालणे संपते ते पाण्यापाशीच. आमच्या मते हा भेद लहान नव्हे.

आमच्या घरातील बारा माणसांनी श्रावणातला एक रविवार नेमला, तेव्हा तेरावे माणूस म्हणून आत्यांस घ्यावे असे ठरले. आत्या सांगलीस गावभागात, आयर्विन पुलापासून हाकेच्या अंतरावर राहतात. वय पंचाहत्तरीच्या पुढे. त्यांनी प्रथम साफ नकार दिला. "पाणी पाहावयास गाडीभाडे कशाला खर्चायचे? ते आपणहून आले होते की माझ्या माजघरापर्यंत!" यावर कोणासच उत्तर सुचेना. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली. तेथे धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची आहे, एवढे सांगितले म्हणजे बाहेरगावच्या वाचकांस कल्पना यावी. तत्पूर्वी २००५ च्या पुरानेही गावभाग बुडविला होता. दोन्ही खेपेस आत्या अंगावरच्या लुगड्यानिशी आणि देवांची पेटी घेऊन माधवनगरास आमच्याकडे आल्या, आणि घरी परतल्यावर आठवडाभर भिंतींवरचा चिखल खरवडीत बसल्या. अखेर धाकट्या सूनबाईंनी त्यांचे मन वळविले. वाट सोपी आहे, पायऱ्या आहेत, आणि पाणी पाहावयाचे नसेल तर रान पाहावे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

माधवनगराहून आम्ही नांद्रे-वसगड्याच्या रस्त्याने निघालो. वसगड्याजवळ येरळा ओलांडावी लागते. ही नदी डावीकडे थोड्या अंतरावर ब्रह्मनाळास कृष्णेला मिळते. ब्रह्मनाळ म्हणजे दासपंचायतनातील आनंदमूर्तींचे गाव. आमच्या लहानपणी त्याचे नाव त्यांच्या समाधीमुळे घेतले जाई. हल्ली ते घेतले की २०१९ च्या महापुरात तेथे उलटलेली नाव आठवते. पुरातून सुटण्यासाठी निघालेली माणसे तीत होती. आत्यांनी पुलावरून जाताना हात जोडले. ते समाधीस की त्या माणसांस, हे आम्ही विचारले नाही. पुढे पलूस, किर्लोस्करवाडी, ताकारी करीत कऱ्हाड आले. उसाच्या मुलखातून दोन्ही बाजूंस दुसरे काही दिसत नाही, म्हणून त्याचे वर्णनही करीत नाही.

कऱ्हाडापासून चिपळुणाकडे जाणारा रस्ता कोयनेच्या काठाकाठाने उलट दिशेस चढत जातो. पाटण मागे पडले की डोंगर जवळ येतात आणि हवेत ओल जाणवू लागते. हेळवाकापाशी नदीचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. देशावरच्या बहुतेक नद्या सह्याद्रीतून निघाल्या की पूर्वेची वाट धरतात. कोयना मात्र महाबळेश्वरी उगम पावून सह्याद्रीच्या दोन रांगांमधून दक्षिणेस धावते, आणि हेळवाकास आल्यावर एकाएकी काटकोनात वळून पूर्वेस कृष्णेकडे निघते. या वळणाच्या वरच्या अंगास १०३ मीटर उंचीचे धरण बांधून तिला अडविली आहे. धरणामागील जलाशयास शिवसागर म्हणतात.

नवजास पोचलो तेव्हा पाऊस नव्हता, पण ढग माथ्यावर टेकले होते. या गावी वर्षास पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणे ही नित्याची गोष्ट आहे. आमच्या जत-आटपाडीकडे त्याच्या दशांशावर पिके काढावी लागतात. नाक्यावर गावची माणसे प्रवेशशुल्क घेतात. पावती फाडणाऱ्या गृहस्थाने मुलांच्या पायांकडे पाहून विचारले, "तंबाखू आणलीय का?" घरात तंबाखूस कोणी शिवत नाही, तेव्हा आम्ही गोंधळलो. तो म्हणाला, "खायला नव्हे, जळवांना!" मग त्यानेच पुडीभर तंबाखू आणि मीठ दिले, आणि आत्यांस काठीही दिली. बोलता बोलता कळले की त्याचे आजोळ शिवसागराखाली गेले आहे. धरणाने उठलेली गावे सोलापूर, ठाणे, रायगड अशी दूरदूर विखुरली गेली. उन्हाळ्यात पाणी पुष्कळच ओसरले तर जुन्या देवळांचे चौथरे दिसतात, एवढे सांगून त्याने पुढच्या मंडळींची पावती फाडावयास घेतली.

वाट फार लांब नाही. आत्यांच्या चालीने पाऊण तास लागला. आरंभी ती बरीच रुंद आहे, मग झाडी दाटते आणि फरसबंदीच्या पायऱ्या लागतात. अंजन, जांभूळ, पिसा, हिरडा ही या रानातील मुख्य झाडे. त्यांच्या खोडांवर शेवाळाचे जाड अस्तर बसलेले असते आणि फांद्यांवर नेच्यांचे झुबके. खाली कारवीचे दाट रान. कारवी सात वर्षांनी फुलते हे मुलांनी पुस्तकात वाचले होते. प्रत्यक्ष पाहावयास मिळाले ते तिचे खरबरीत पान, आणि तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले. मध्येच एका ओढ्याच्या काठी कोणी रस्त्याने जाणारा पोरगा शीळ घालीत असावा तसा आवाज आला. तो शीळकरी कस्तूर पक्षी. त्याची शीळ ऐकून धाकट्या पुतण्याने तशीच शीळ घातली, पक्षी गप्प झाला, आणि पुतण्यास वहिनींचा दट्ट्या बसला. जळवा मात्र गप्प बसत नाहीत. तंबाखूमिठाचे पाणी पायांस फासले होते तरी परत येईतो चौघांच्या पोटऱ्यांवर त्यांनी आपला वाटा घेतला. हे रान १९८५ मध्ये अभयारण्य झाले, आणि पुढे २०१० मध्ये चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले. वाघ काही या वाटेवर यावयाचा नाही; परंतु चिवड्याच्या रिकाम्या पिशव्या आणि बाटल्या पाहून तो यावा असे क्षणभर वाटल्यावाचून राहत नाही.

धबधबा आधी ऐकू येतो. मग झाडांमधून पांढरा पट्टा दिसतो, नाहीसा होतो, आणि शेवटचे वळण घेतल्यावर एकदम सारा कडा पुढे उभा राहतो. सह्याद्रीचा हा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांवर थर बसून झालेला आहे. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजत जातो, कठीण थर कड्यासारखा उरतो, आणि पाण्यास उडी घेतल्यावाचून गत्यंतर राहत नाही. ओझर्ड्याचे पाणी माथ्यावर दोरीसारखे एकवटलेले असते. खाली येता येता ते सुटते, विस्कटते, वारा आला की सबंध पडदा एका बाजूस कलतो, आणि त्याचे तुषार समोर उभ्या असणाराच्या अंगावर येतात. छत्र्यांचा उपयोग नाही. आम्ही त्या मिटल्या आणि निमूटपणे भिजलो. पाणी जोराचे असता कुंडात उतरणे धोक्याचे असते. तरण्या पोरांचा एक घोळका उतरू पाहत होता, त्यास रखवालदाराने हटकले, हे चांगले झाले.

आत्या बराच वेळ खडकावर बसून होत्या. मग त्यांनी पिशवीतून हळदकुंकवाची पुडी काढली, वाहत्या ओहोळाच्या काठाशी वाकून दोन बोटे हळद आणि कुंकू पाण्यात सोडले, आणि आमच्या थोरल्या बंधूंस विचारले, "दादा, हे पाणी आपल्याकडे केव्हा येईल रे?"

दादा वीजखात्यात हयात घालवून निवृत्त झालेले. त्यांना या प्रश्नाचे उत्तर 'परवा' किंवा 'चार दिवसांनी' असे देता येईना. ते म्हणाले, "येईलच असे नाही, आत्या." आणि मग तेथेच, दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीच्या साक्षीने, त्यांनी जे सांगितले ते ऐकून आम्हां इतरांसही त्या दिवशीची सहल निराळी वाटू लागली.

शिवसागरात सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी मावते. वर्तमानपत्रे ज्यास टीएमसी म्हणतात तेच हे माप. यांतील मोठा हिस्सा खाली कृष्णेकडे येतच नाही. जलाशयाच्या पश्चिमेस डोंगर पोखरून बोगदे काढले आहेत. त्यांतून पाणी सह्याद्रीच्या पोटात शिरते आणि सुमारे पावणेपाचशे मीटर खाली, पोफळीकडे, कोसळते. हा धबधबा ओझर्ड्याहून कितीतरी उंच, पण तो कोणास दिसत नाही, त्याचे तुषार कोणाच्या अंगावर येत नाहीत. पाणी जनित्रे फिरविते आणि नंतर वाशिष्ठीतून अरबी समुद्रास मिळते. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९०० मेगावॉटहून अधिक आहे. ती वीज राज्याच्या जाळ्यात मिसळते आणि माधवनगरचे यंत्रमागही त्याच जाळ्यावर खडखडतात. पश्चिमेस किती पाणी न्यावे यास मर्यादा आहे. न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालील कृष्णा लवादाने ती वर्षास साडेसदुसष्ट अब्ज घनफूट अशी ठरवून दिली.

"म्हणजे आम्हांला उरलेले," आत्या म्हणाल्या.

दादांनी मान हलविली. परंतु हे उरलेलेच उन्हाळ्यात आपला जीव आहे, असेही सांगितले. चैत्र-वैशाखात कृष्णेस जे पाणी दिसते ते बव्हंशी कोयनेतून सोडलेले असते. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजना त्यावर चालतात, आणि ज्या वर्षी पाऊस कमी त्या वर्षी वीज की शेती, हा तंटा दर आठवड्यास उभा राहतो. पावसाळ्यात याच्या उलट. धरण भरत आले की दरवाजे उचलावे लागतात, आणि त्याच वेळी धरणाखालच्या मुलखातही पाऊस कोसळत असतो; वारणा, पंचगंगा याही फुगलेल्या असतात. २०१९ च्या पुराची कारणे शोधण्यास शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. आजही सांगलीच्या कट्ट्यावर कोणी कोयनेचे नाव घेतो, कोणी अलमट्टीचे, कोणी नदीच्या पात्रात बांधलेल्या घरांचे. आम्हांस या वादात पडावयाचे नाही. मात्र त्या खडकावर बसून वरच्या पांढऱ्या पट्ट्याकडे पाहताना, यांतला कोणता थेंब मागापर्यंत जाणार, कोणता उसापर्यंत आणि कोणता माजघरापर्यंत, हा विचार मनातून जाईना.

परतताना कोयनानगरास थोडे थांबलो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे येथे मोठा भूकंप झाला. घरे पडली, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली, धरणासही तडे गेले. ते पुढे मजबूत करण्यात आले. त्या पहाटे माधवनगरास फडताळातील भांडी वाजली होती, अशी आत्यांची आठवण. कऱ्हाडास प्रीतिसंगमावर पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. कृष्णा आणि कोयना येथे समोरासमोर येऊन भेटतात आणि मग दोघी मिळून पूर्वेस वळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तेथेच आहे. घाटावर भेळ खाल्ल्यावाचून मुले हलेनात.

जाऊ इच्छिणारांसाठी दोन शब्द. आषाढाच्या ऐन पावसात जाऊ नये. अतिवृष्टीत वाट बंदही करतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी. श्रावण आणि भाद्रपद उत्तम. दसऱ्यानंतर पाणी झपाट्याने आटते. घसरत्या पायऱ्यांवर चपला कामाच्या नाहीत. फराळ घरूनच न्यावा आणि कागदपिशव्याही घरी परत आणाव्या.

आत्यांस घरी पोचवावयाचे असल्याने परतीस आम्ही आष्ट्याकडील रस्ता घेतला. रात्री साडेदहास आयर्विन पुलावर आलो तेव्हा त्यांनी गाडी थांबवावयास सांगितली. १९२९ पासून उभा असलेला हा पूल. पाण्याच्या फुटांची मोजदाद त्याच्यापाशीच होते. दादांनी विजेरीचा झोत खाली टाकला. पाणी अठरा फुटांच्या खुणेस लागले होते. आत्यांनी आकडा दोनदा विचारून घेतला आणि मग, गाडीत बसता बसता, सूनबाईंस म्हणाल्या की खालच्या फळीवरची गव्हाची कोठी या पंधरवड्यात तरी माळ्यावर चढवायला नको.