ओढायचं किती?

"हा ट्रेलर मी ओढू शकते ना गं?" तबेल्यात हा प्रश्न मला सतत येतो. विचारणारीच्या मनात तो एकच प्रश्न असतो, पण त्यात तीन प्रश्न दडलेले आहेत. लायसन्सवर किती बसतं, गाडी किती ओढते आणि मागे प्रत्यक्षात किती वजन उभं आहे. पहिल्याचं उत्तर सरकार देतं, दुसऱ्याचं गाडी बनवणारी कंपनी आणि तिसऱ्याचं फक्त वजनकाटा. पहिलं उत्तर "हो" आलं की बाकीची दोन विचारायची राहूनच जातात, आणि गफलत होते ती तिथे.

मी इंग्लंडमध्ये न्यूमार्केटच्या बाहेर, लोकांचे घोडे सांभाळणाऱ्या एका तबेल्यात काम करते. न्यूमार्केट शर्यतींचं गाव, पण आमच्याकडचे घोडे शर्यतीचे नाहीत. कुणी शाळेच्या मुलीचा, कुणी निवृत्त बाईंचा. त्यांना दवाखान्यात, शिकवणीला, रविवारच्या स्पर्धेला न्यायचं असतं, आणि ते गाडीच्या मागे दोन घोड्यांचा ट्रेलर लावून.

लायसन्सचं आधी सांगते, कारण भारतातून आलेल्यांचा घोळ तिथेच होतो. इथे राहायला आल्यापासून १२ महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते. पुढे इथली परीक्षा द्यावीच लागते, नुसतं बदलून मिळत नाही. त्यामुळे गेल्या पंचवीसेक वर्षांत आलेला मराठी माणूस इथल्या कायद्याला नवशिकाच वाटतो, मग त्याने पुणे-सातारा रस्त्यावर अर्धं आयुष्य काढलेलं का असेना. रेघ आहे १ जानेवारी १९९७ ची. त्याआधी कारची साधी परीक्षा पास झालेल्यांना त्याच कार्डावर साडेसात टनांपर्यंतची गाडी आणि ट्रेलरसकट ८,२५० किलोंपर्यंतची मुभा मिळाली. नंतरच्यांना 'बी' वर्ग मिळाला. साडेतीन टनांपर्यंतची गाडी आणि मागे ७५० किलोंपर्यंतचा ट्रेलर. ट्रेलर त्याहून जड असेल, तर गाडी आणि ट्रेलर दोघांचं कमाल वजन मिळून ३,५०० किलोंच्या आत. ओढायला ताकदीची गाडी आणि मागे दोन घोडे हे त्या चौकटीत बसतच नव्हतं. म्हणून 'बीई' नावाची वेगळी परीक्षा होती.

मी ती दिली आहे. शंकूंच्या मधून एस आकारात ट्रेलर मागे नेऊन चौकटीत उभा करायचा, मग तो सोडायचा, पुन्हा जोडायचा आणि परीक्षकाला घेऊन रस्त्यावर निघायचं. गावाकडचा कुठलाही ट्रॅक्टरवाला उसाची ट्रॉली गोठ्याच्या दारात उलटी लावताना हेच करतो. स्टिअरिंग उजवीकडे गेलं की ट्रॉलीचं बूड डावीकडे जातं, हे त्याच्या हातात असतं. इथे ते लोकांना परीक्षेसाठी शिकावं लागायचं, आणि शिकल्याने त्यांचं भलंच व्हायचं.

१६ डिसेंबर २०२१ ला ती परीक्षा गेली. मालट्रकला ड्रायव्हर मिळेनात, ट्रकच्या परीक्षा घ्यायला परीक्षक पुरेनात, तेव्हा सरकारने इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये बी वर्गाच्या सगळ्यांना ३,५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढायला मोकळीक दिली. उत्तर आयर्लंडमध्ये ती परीक्षा कायम राहिली. तबेल्यातल्या मुलींना केवढा आनंद झाला! तो मी समजू शकते. परीक्षेचा खर्च आणि सुट्टी जमत नाही म्हणून कित्येकींचे घोडे तबेल्याच्या आवाराबाहेर पडत नव्हते. पण माझं मत स्पष्ट आहे. परीक्षा गेली तरी शिकणं जायला नको होतं. पहिल्यांदा ट्रेलर लावणारीला मी एक अख्खा दिवस रिकाम्या मैदानात रिकाम्या ट्रेलरबरोबर घालवायला लावते. त्याशिवाय घोडा चढवू देत नाही.

आता गाडी. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर, नाहीतर बॉनेटखाली, एक छोटी पट्टी असते. त्यावर चार आकडे एकाखाली एक. वरचा म्हणजे माणसं-सामान भरून गाडीचं कमाल वजन. दुसरा गाडी आणि ट्रेलर मिळून. खालचे दोन पुढच्या आणि मागच्या आसाचे. दुसऱ्यातून पहिला वजा केला की भरलेल्या गाडीमागे किती ओढता येईल ते कळतं. दुसरा आकडा छापलेलाच नसेल, तर ती गाडी ट्रेलरसाठी नाही. मग तिचं इंजिन कितीही दमदार असो, विकणारा काहीही सांगो.

समजा वरचा आकडा २,५०० आणि दुसरा ४,५००. म्हणजे २,००० किलो ओढता येतील. ट्रेलरच्या पट्टीवर कमाल वजन २,६०० आहे आणि रिकामा तो ९५० भरतो. ५५० किलोंचा एक घोडा चढवला, वर सत्तरेक किलो सामान ठेवलं, की झाले १,५७०. खुशाल जा. त्याच ट्रेलरमध्ये तेवढ्याच वजनाची दुसरी घोडी चढली की २,१२०. लायसन्स तेच, गाडी तीच, ट्रेलर तोच आणि त्याच्या पट्टीवरच्या मर्यादेलाही धक्का नाही. तरी आता तुम्ही कायद्याबाहेर आहात. हा हिशेब मी तबेल्याच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवला आहे, आणि कुणी पुसला तर पुन्हा लिहिते.

घोड्याचं वजन लोक डोळ्यांनी ठरवतात, आणि ते हमखास कमी धरतात. लाडक्या जनावराला जाड म्हणवत नाही. मी टेप लावते. आयाळ संपते तिथे पाठीला उंचवटा असतो. त्याच्या लगेच मागून टेप खाली सोडायची, पुढच्या पायाच्या कोपरामागून छातीखालून घ्यायची आणि पलीकडून वर आणून जुळवायची. केस दबतील इतकीच घट्ट, त्याहून जास्त नाही. घोडा नव्या माणसाजवळ छाती फुगवून उभा राहतो, म्हणून मानेवर हात ठेवून थांबायचं आणि त्याने श्वास सोडला की आकडा वाचायचा. मग लांबी, खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०. मापं सेंटिमीटरमध्ये घेतली की उत्तर किलोत येतं. घेर १९० आणि लांबी १६५ असेल तर साधारण ५०० किलो. हा अंदाजच आहे, पण डोळ्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी भरवशाचा.

आणि सामान! पाण्याचा २५ लिटरचा कॅन म्हणजे २५ किलो, त्यात घासाघीस नाही. खोगीर, चंदीची पोती, गवताच्या जाळ्या. खाली अंथरलेली रबराची चटई तर धुतल्यावर पाणी धरून बसते आणि तिचं वजन कुणीच मोजत नाही.

म्हणून शेवटी काटा. साखर कारखान्याच्या टापूत वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. भरलेली ट्रॉली काट्यावर, मग रिकामी, आणि मधली वजाबाकी म्हणजे ऊस. इथेही पैसे भरून वजन करून देणारे सार्वजनिक काटे आहेत. घोडे चढवून, ट्रेलर जोडलेला ठेवूनच जायचं. आधी सगळं मिळून वजन घ्यायचं, मग नुसती ट्रेलरची चाकं काट्यावर ठेवून. घोडे मात्र तिथे उतरवायचे नाहीत. पावती गाडीतच ठेवायची आणि घोडा, गाडी किंवा ट्रेलर यांतलं काहीही बदललं की पुन्हा काटा करायचा. बहुतेकींना मी हे एकदा करायला लावते आणि पावती बघून त्यांचा चेहरा उतरतो.

एवढा अट्टहास दंडाच्या भीतीने नाही. रस्त्यावर तपासणी पथकाने थांबवलं आणि वजन जास्त निघालं, तर ते कमी केल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. ऊस असता तर मोळ्या खाली टाकल्या असत्या. इथे कमी करायचं म्हणजे भरधाव रस्त्याच्या कडेला एक बिथरलेला घोडा उतरवायचा आणि दुसऱ्या गाडीची वाट बघत त्याला हातात धरून उभं राहायचं. हे कुणावर येऊ नये म्हणून माझा हट्ट.

शिवाय ब्रेक. आमच्या ट्रेलरचे ब्रेक गाडीच्या पेडलला जोडलेले नसतात. गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो, जोडाचा दांडा आत दबतो आणि त्या दाबाने ट्रेलरचे ब्रेक लागतात. मागचं वजन गाडीच्या ऐपतीबाहेर असेल तर तो रेटा आधी गाडीला बसतो आणि उतारावर ती ढकलली जाते. जोड निसटलाच तर एक बारीक तार हँडब्रेक ओढते आणि मग तुटते. निघण्यापूर्वी मी ती तार बोटांनी चाचपते. गंजलेली, दुमडलेली किंवा ट्रेलरच्या पुढच्या छोट्या चाकाला, म्हणजे जॉकी व्हीलला, गुंडाळलेली दिसली तर निघत नाही.

वजन कुठे आहे हेही किती आहे याइतकंच महत्त्वाचं. आपल्यासारखंच इथेही डावीकडून चालवतात आणि रस्ता डाव्या कडेला उतरता असतो. म्हणून जड घोडा उजवीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला. एकच घोडा असला तरी त्याची जागा उजवीच. चढवताना आधी मागची आडवी दांडी लावायची, मग दोरी बांधायची. उतरवताना आधी दोरी सोडायची, मग दांडी. उलट केलं तर बांधलेला घोडा मोकळ्या जागेकडे मागे जातो, दोरी ताणली जाते आणि तो घाबरून झटापट करतो. ट्रेलर गाडीला जोडलेला नसताना आत घोडा कधीच नाही, मिनिटभरही नाही.

ट्रेलर लावला की दुभाजक नसलेल्या रस्त्यावर कमाल ताशी ५० मैल, दुभाजक असलेल्या रस्त्यावर आणि मोटरवेवर ६०, आणि तीन लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजवी लेन वर्ज्य. मी त्याहूनही हळू जाते. आत उभ्या असलेल्या जिवाला वळण दिसत नाही, ते त्याला पायांतून कळतं. ए१४ महामार्गावर ट्रक शेजारून गेला की हवेचा झोत आधी ट्रेलरला ओढतो, मग ढकलतो. इप्सविचजवळचा ऑरवेल पूल जोराच्या वाऱ्यात बंदच करतात. तो बंद व्हायची वाट न बघता वाऱ्याच्या दिवशी घरी राहावं. ट्रेलर डुलायला लागलाच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं. ब्रेक दाबला की डुलणं वाढतं.

ट्रेलर नको म्हणून काही जण साडेतीन टनांची घोड्यांची व्हॅन घेतात. तिथे तर जास्त जपायला हवं. बॉडी चढवल्यावर रिकामी व्हॅनच अडीच टनांच्या आसपास भरते, उरतो एक टन. त्यात चालवणारी, पाणी, खोगीर आणि साडेसहाशे किलोंचे दोन घोडे बसत नाहीत. जाहिरातीत दोन घोड्यांचा फोटो असला तरीही. मोठी व्हॅन हवी तर १९९७ नंतरच्यांना 'सी१' ची परीक्षा अजूनही द्यावी लागते. आणि पैसे घेऊन दुसऱ्याचे घोडे नेणं हा वेगळाच मामला. त्याला अधिकृत परवानगी आणि इतर कागद लागतात. शेजारणीने पेट्रोलच्या वर काही देऊ केलं तरी आधी ते वाचून घ्या.

पुढच्या आठवड्यात आमच्याकडे एक नवी आयरिश घोडी येते आहे. मालकीण म्हणाली, सहाशेची असेल. मी टेप लावून आले, ६४० निघाली. मालकिणीच्या गाडीला १,८०० किलोंची मर्यादा आहे, तेव्हा ती एकटीच येईल आणि उजव्या बाजूला उभी राहील. तिच्या जोडीचं तट्टू दुसऱ्या फेरीत. मालकिणीला दोन फेऱ्या जिवावर आल्या आहेत, पण मंगळवारी सकाळी काट्यावर येते म्हणाली आहे.