केबिनच्या काचेतून काय दिसतं?

गेले दोन महिने रोज रात्री जेवणानंतर तासभर मी एक बुलडोझर जोडतोय. प्लास्टिकचा. मेंग या चिनी कंपनीचं एकास पस्तीस प्रमाणातलं किट आहे, इस्रायली लष्कराच्या चिलखती डी-९आरचं. मूळ यंत्र अमेरिकेच्या कॅटरपिलरचं, खाणी आणि धरणांच्या कामासाठी बनवलेलं. इस्रायलमध्ये त्याच्यावर चिलखत चढतं आणि वजन साठ टनांच्या आसपास जातं. तिथले सैनिक त्याला लाडाने ‘डुबी’ म्हणतात, म्हणजे टेडी बेअर.

“एवढे पैसे घालून खेळण्यातला जेसीबी आणलास?” हे घरी ऐकून झालंय. तर जेसीबी वेगळा, पोकलेन वेगळा आणि बुलडोझर वेगळा. जेसीबी चाकांवर पळतो, पुढे बकेट, मागे खोदायचा हात. पोकलेन चेनवर चालतो आणि जागच्या जागी गोल फिरतो. बुलडोझरचं मुख्य काम एकच. पुढच्या ब्लेडने ढकलायचं, समोर असेल ते. डी-९ची चेन त्रिकोणी दिसते, कारण तिला ओढणारं दातेरी चाक मुद्दाम वर बसवलंय, दगडमातीच्या धक्क्यांपासून लांब. किटमध्ये या चेनचा एकेक दुवा सुटा येतो. दोन्ही बाजू जोडायला मला आठवडा लागला.

पण हात थांबला तो केबिनपाशी. गोळीबारात ऑपरेटर वाचावा म्हणून केबिनला पोलाद आणि जाड बुलेटप्रूफ काचा. ते आवश्यकच आहे. हे यंत्र सुरुंग आणि बॉम्ब पेरलेल्या रस्त्यावर सगळ्यात पुढे जातं, मागून येणाऱ्यांचे जीव वाचवतं. पण चिलखत वाढलं तशी नजर आखडली. ऑपरेटरच्या जोडीला आत एक कमांडर असतो, तरीही. खरं ब्लेड जवळजवळ दोन मीटर उंच. साडेपाच फुटी माणूस या प्रमाणात पाच सेंटीमीटरही भरत नाही. ब्लेड टेबलाला टेकवून तेवढा एक पुतळा मी पुढे उभा केला, केबिनच्या बाजूने डोळा लावून बघितलं. पुतळा गायब.

१६ मार्च २००३ ला गाझातल्या राफामध्ये रेचल कॉरी ही २३ वर्षांची अमेरिकन मुलगी एका पॅलेस्टिनी कुटुंबाचं घर वाचवायला चिलखती डी-९ समोर उभी राहिली आणि त्याखाली मेली. अंगात झळझळीत नारिंगी जॅकेट होतं. सोबतचे साक्षीदार म्हणाले, ऑपरेटरला ती दिसत होती. लष्कर म्हणालं, दिसली नाही. २०१२ मध्ये हैफाच्या न्यायालयाने हा अपघात ठरवला, २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घरच्यांचं अपील फेटाळलं. ऑपरेटरला खरंच दिसली की नाही, यावर मी इथे बसून काय बोलणार? पण “दिसली नाही” हे उत्तर जिथे पुरतं, तिथे प्रश्न काचेच्या आकाराचा राहत नाही. न दिसणारं यंत्र वस्तीत कोणी पाठवलं, हा प्रश्न उरतो.

आपल्याकडे बुलडोझर म्हणजे सध्या करमणूक झालीय. निवडणूक जिंकली की जेसीबीतून गुलाल उधळायचा. टीव्हीवर कुणाचं घर पडताना दिसलं की खाली टाळ्यांचे इमोजी. १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती भूषण गवई, आपल्या अमरावतीचे, आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांचं खंडपीठ. आरोपी आहे म्हणून घर पाडता येणार नाही. १५ दिवसांची नोटीस, म्हणणं ऐकून घेणं, पाडकामाचं चित्रीकरण. नियम मोडला तर अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई. रस्ता, फूटपाथ, नदी-तलावावरच्या अतिक्रमणांना हे लागू नाही, म्हणजे शहरं मोकळी ठेवायची सोयही ठेवली.

चारच महिन्यांत, २४ मार्च २०२५ ला, नागपुरात दंगलीतल्या एका आरोपीचं घर महापालिकेने पाडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी स्थगिती दिली, पण तोवर घर गेलं होतं. पुढे महापालिकेने बिनशर्त माफी मागितली. कारण काय दिलं? सर्वोच्च न्यायालयाचा निकाल माहीत नव्हता.

दिसलं नाही. माहीत नव्हतं. त्या माणसाने गुन्हा केला असेल तर कोर्ट शिक्षा देईल, त्यात मला दया नाही. पण त्या घरात राहणाऱ्या बाकीच्यांवर कुठला खटला होता? नोटिशीचे १५ दिवस म्हणजे सरकारी केबिनला असलेली काच आहे. आत कोण राहतं, कुणाचं नाव सातबाऱ्यावर आहे, कुणाचं म्हणणं काय, हे दिसायला दिलेला वेळ.

मॉडेल आता रंगाला आलंय. आमच्या छंदात शेवटी यंत्रावर धूळ चढवतात, वापरलेलं दिसावं म्हणून. शेतातल्या मातीचा रंग वेगळा, फुटलेल्या सिमेंटचा वेगळा, पांढुरका करडा. मी दुसरा आणलाय. एप्रिल २००२ मध्ये जेनिनच्या निर्वासित छावणीत या यंत्रांनी घरं पाडली, तेव्हा त्यांच्यावर तीच धूळ बसली असणार.