कागदामागचा उठाव



मी बी.कॉम. केलं ते शाईच्या पेनानं, बोटं कायम निळी. पांढऱ्या दांडीचा, निळ्या टोपणाचा रेनॉल्ड्स ०४५ आमच्या कारंज्यातल्या घरात आला तो मुलांच्या वह्यांबरोबर.

बॉलपेनची शाई घट्ट, तेलकट. छापखान्यातली शाई लवकर वाळते हे पाहून हंगेरीचे पत्रकार लास्लो बिरो यांनी १९३०च्या दशकात असा पेन घडवला. टोकाची इवलीशी गोळी कागदावर फिरली की शाई उतरते. त्यासाठी थोडं दाबावं लागतं, आणि पानामागे उठाव येतो.

ह्यांचा हात तर जडच. किराणा, दूध, मंदिरातलं दान, सगळा हिशेब त्याच पेनानं. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. आता मी (कॉमर्सवाली असूनही!) बेरजा तपासत नाही, पान उलटून मागून बोट फिरवते. सातचा आकडा लगेच सापडतो, त्याची शेपटी खोल जायची.

सून म्हणाली, "आई, मोबाईलवर हिशेबाचं ॲप टाकून देते." टाक म्हटलं. वही मात्र रद्दीत द्यायची नाही.

पेनही तोच आहे. दुकानदार म्हणतो, "काकू, नवाच घ्या ना, स्वस्त आहे." मी रिफिलच मागते.